चौकटीपासून पाच विती

दुरुस्ती संपली, कामगार गेले, आणि घर झोपेत बोलायला लागलं.

काकूंनी फ्रिज उघडला की दारावरची बेल वाजायची, तीही अर्धीच. जाऊन बघावं तर बाहेर कुणी नाही, नुसती ऊन पडलेली पायरी. जिन्यातला दिवा बंद केला तरी पुरता विझत नसे. त्यात भरदुपारीही फिकट उजेड रेंगाळायचा. न्हाणीघराचं बटण दाबलं की माळ्यावरचा दिवा लागायचा, आणि माळ्यावर तर वर्षभरात कुणी चढलं नव्हतं. पहिले दोन दिवस काकूंना या सगळ्याची गंमतच वाटली. रंगाच्या वासाने डोकं जड, दवाखान्याच्या खेपांनी पाय जड, त्यात घरही आपल्याच तंद्रीत. त्या या खोलीतून त्या खोलीत फिरत आणि कुठलं बटण दाबल्यावर कुठे काय होतं ते बघत राहत. असं करता करता एखादी दुपार कधी सरली, ते त्यांचं त्यांनाही कळत नसे.

तिसऱ्या दिवशी ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि गंमत संपली.

काका दोन महिने दवाखान्यात होते. एका सकाळी दाढी करताना हातातला ब्रश पडला, तो उचलायला वाकले ते पडलेच. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. घराचा हा सगळा घाट त्यांच्यासाठीच होता. खालची खोली त्यांना दिली, चाकांची खुर्ची जावी म्हणून तिचं दार रुंद केलं, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. भिंतींना काकूंनी पोपटी रंग दिला, कारण ह्यांना हिरवा आवडतो. आता फक्त उशाशी ते यंत्र चालायला हवं होतं. पण खोलीतल्या नव्या प्लगमध्ये ते लावलं की मीटरजवळच्या पेटीतला स्विच खाट्‌कन पडायचा, आणि बडबडणारं घर एकदम मुकं व्हायचं.

परवा सकाळी अकराला दवाखान्याचा माणूस तपासायला येणार होता. यंत्र अर्धा तास सलग चाललं तर काका घरी. नाही चाललं, तर लेकीच्या गावातल्या शुश्रूषागृहात एक खाट धरून ठेवलेली होती.

"आई, तिथे सगळी सोय आहे," लेक फोनवर म्हणाली. "तू एकटी किती धावणार?"

लेकीचं काही चुकत नव्हतं. पण तिकडे गेलेली माणसं परत येत नाहीत, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. काकांनाही ते ठाऊक असावं. त्या जागेचा विषय निघाला की ते भिंतीकडे तोंड फिरवत.

ठेकेदाराने चौथ्या वेळी फोन उचलला. "काकू, आमच्या कामात खोट निघायची नाही. लालला लाल जोडली, काळीला काळी, हिरवीला हिरवी. अगदी डोळे झाकून विश्वास ठेवा."

"मी ठेवते हो. तुम्ही डोळे झाकून जोडलंत की काय, ते विचारतेय," काकू म्हणाल्या. पण तोवर त्याने फोन ठेवला होता.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एक नंबर दिला. वायरमन म्हणून फोन केला, आणि दारात उभी राहिली चाळिशीची एक बाई. खांद्याला पिशवी, कानामागे टेस्टर. काकूंनी तिच्या पाठीमागे वाकून बघितलं.

"मागे कुणी नाही, काकू. वायरमन मीच. सगळे मला फ्यूजताई म्हणतात."

"फ्यूजसारखी उडतेस वाटतं?"

"चहा वेळेवर मिळाला तर नाही उडत," असं म्हणून तिने चपला काढल्या आणि रबरी तळव्यांचे बूट घातले.

काम करायची तिची एक रीत होती. आधी तिने कशालाच हात लावला नाही. खोलीखोलीत जाऊन नुसती उभी राहिली, बटणं दाबली, ऐकलं. फ्रिज उघडून बेल वाजवून घेतली. जिन्यातल्या विझूनही न विझलेल्या दिव्याखाली बराच वेळ वर बघत राहिली. काकूंना ते आवडलं. इतक्या दिवसांत या घराचं म्हणणं कुणीतरी पहिल्यांदाच ऐकून घेत होतं.

मग तिने यंत्र लावलं. खाट्.

"या स्विचला शिव्या देऊ नका हं," ती म्हणाली. "वीज जिथे जायला नको तिथे जातेय, ते त्याला कळतं म्हणून तो पडतो. तो नवा बसवला, तेवढं एक काम मात्र त्या ठेकेदाराने चांगलं केलंय."

तासाभराने तिने चार स्विचबोर्ड उघडले होते आणि तिच्या कपाळावर आठ्या होत्या. "काकू, इथे लाल तारेत वीज आहे. शेजारच्या बोर्डात लाल तार अर्थिंगला. तिसरीकडे वीज चक्क हिरव्या तारेतून येतेय. नव्या कामात सगळं रंगाप्रमाणे जोडलंय, पण जुन्या कामात रंगाला काही अर्थच नाही. जुनं वायरिंग कुणी केलं होतं?"

"ह्यांनी," काकू म्हणाल्या, आणि आपसूक त्यांची मान ताठ झाली. काका छापखान्यात पुस्तकं बांधायचे. घर बांधलं तेव्हा हातात पैसा नव्हता, म्हणून रविवारी रविवारी, एका जुन्या वायरमनला विचारून विचारून, त्यांनी सगळ्या घराच्या तारा एकट्याने ओढल्या होत्या. "चाळीस वर्षांत एक दिवाही कधी रुसला नाही."

"नाही रुसला ना? म्हणजे त्यांचा काहीतरी हिशेब होता," फ्यूजताई म्हणाली आणि शिडी घेऊन माळ्यावर चढली.

थोड्या वेळाने वरून तिचा आवाज आला. "काकू! इथल्या तारांना गाठी आहेत!"

काकू शिडीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

फ्यूजताई खाली आली ती केसांत जळमटं घेऊन. माळ्यावरच्या जोडपेटीला, जिथे तारा एकमेकींना जोडतात त्या पेटीला, कामगारांनी हातच लावला नव्हता. पेटीत तारांचे तीन जुडगे होते. प्रत्येक जुडग्यात एका तारेला घट्ट गाठी, दुसरीला एक सैल फास, तिसरी सरळ. "टेस्टरने बघितलं. गाठीची तार जिवंत, वीज तिच्यातच. तिन्ही जुडग्यांत हेच. रंग कुठलाही असो. बाकीच्या पेट्यांतही गाठी असणार, पण तिथे तारांची टोकं छाटलेली आहेत. कुणी छाटली असतील?"

"मी," काकू म्हणाल्या.

कामगारांनी दवाखान्यात फोन करून विचारलं होतं, "काकू, तारांना गाठीच गाठी आहेत, नव्या पेटीत मावत नाहीत, काय करायचं?" तेव्हा काका तपासणीला गेले होते आणि काकू बाकावर पेंगत होत्या. "टाका कापून," त्यांनी सांगितलं. "ह्यांना खोडच आहे ती. कशालाही गाठी मारत बसतात." आणि ते खरंच होतं. मोज्यांच्या आत काका दोऱ्याच्या गाठी मारत, एका जोडीला एक, दुसरीला दोन. किल्ल्यांना, दात घासायच्या ब्रशला, छत्रीच्या दांड्याला, सगळ्याला दोरा. काकूंनी त्यावरून त्यांची किती थट्टा केली होती.

फ्यूजताईने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "काकू, एक विचारते, रागावू नका. काकांना रंग नीट दिसतात ना?"

काकू खळखळून हसल्या. "अगं, रंगावरून तर आमचं लग्न जमलं!"

आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. आजवर शंभरदा सांगितलेली. काकू तेव्हा विशीत होत्या. शब्दकोशाची पानं सुटली म्हणून तो बांधायला छापखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या अबोल पोराने विचारलं, कापड कुठल्या रंगाचं लावू? त्या म्हणाल्या, माझ्या या शालीसारखं. शाल होती लालभडक. आठ दिवसांनी शब्दकोश मिळाला तो हिरव्यागार कापडात. "इतकं गंभीर तोंड करून त्याने तो माझ्या हातात दिला म्हणून सांगू! म्हणाला, अगदी तुमच्या शालीसारखा. मी हसून हसून रडले. त्याच दिवशी ठरवलं, न हसता अशी थट्टा करणारा माणूस सोडायचा नाही."

फ्यूजताई हसली नाही. ती फडताळातल्या त्या हिरव्या शब्दकोशाकडे बघत होती. काकूंनीही तिकडे बघितलं. मग त्यांना मोजे आठवले. टोमॅटो आणायला काका कधीच जात नसत, ते आठवलं. नवं काहीही नेसलं-पांघरलं तरी त्यांचं ठरलेलं "छान दिसतंय" आठवलं. काकू हळूच खुर्चीवर बसल्या.

मग फ्यूजताईने अडचण सांगितली. माळ्यावरच्या एका जुडग्याला दोन गाठी होत्या, एकाला पाच, एकाला सात. पाच गाठींचा जुडगा काकांच्या खोलीच्या भिंतीत उतरत होता आणि तिथे नाहीसा होत होता. खोलीत वर छताजवळ कुठेतरी आणखी एक जोडपेटी होती. कामगारांनी तिच्यातल्या तारा रंगाप्रमाणे जोडल्या आणि वरून गिलावा करून ती बुजवून टाकली. सगळा घोळ तिच्यात होता. "ती सापडली तर दोन तासांचं काम. नाही सापडली तर चारी भिंती फोडून तारा नव्याने ओढायच्या. आठ दिवस."

"आठ दिवस नाहीत माझ्याकडे."

"म्हणून म्हणते, पाच म्हणजे काय, ते काकांना विचारा."

"ते बोलत नाहीत गं."

"त्यांनी बोलून कुठे ठेवलंय? गाठी मारून ठेवलंय," फ्यूजताई म्हणाली. तिने तारेचा एक तुकडा घेऊन तशाच पाच गाठी मारल्या आणि काकूंच्या पिशवीत टाकला. सोबत लाल आणि हिरव्या तारेचा एकेक तुकडाही टाकला. तो कशासाठी, ते काकूंनी विचारलं नाही.

दवाखान्यात दुपारची वेळ म्हणजे सगळं पाण्याखाली गेल्यासारखं. पडदे ओढलेले, लांब कुठेतरी ट्रॉलीची चाकं कुरकुरताहेत, कुणी मोठ्याने बोलत नाही. काका उताणे पडून छताकडे बघत होते. काकूंनी तारेचा तुकडा त्यांच्या डाव्या हातात दिला.

काकांनी तो बघितलाच नाही. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा तारेवरून सरकवला. एक गाठ. दोन. तीन. पाचव्या गाठीला अंगठा थांबला आणि डोळे उघडले. दोन महिन्यांत काकूंनी त्या डोळ्यांत असा जागेपणा बघितला नव्हता.

"घरातली आहे," काकू म्हणाल्या. "तुमच्या खोलीतली. पाच म्हणजे काय हो?"

काकांनी तार छातीवर ठेवली. डावा हात लांब करून पलंगाच्या दांड्याच्या टोकाला अंगठा टेकवला आणि पंजा ताणून करंगळी पुढे टेकवली. मग करंगळीच्या जागी अंगठा, पुन्हा करंगळी. असं त्यांना पोचेल तिथवर ते सरकत गेले आणि शेवटी बोटाच्या सांध्याने दांड्यावर टकटक केलं. काकूंना वाटलं, झटका आला की काय. त्या परिचारिकेला हाक मारणार, तेवढ्यात काकांनी त्यांचं मनगट धरलं. चिडले होते. त्यांनी पुन्हा तसंच केलं, आणि मग बोट उचलून खोलीच्या दाराकडे दाखवलं. दाराच्या चौकटीकडे.

"वीत?" काकू हळूच म्हणाल्या. "एक गाठ म्हणजे एक वीत? चौकटीपासून पाच विती?"

काकांनी डोळे मिटले आणि केवढा तरी मोठा श्वास सोडला.

वीत ह्यांचीच घ्यायला हवी, आपली चालणार नाही, एवढं काकूंना सुचलं. त्यांनी काकांचा पंजा पांघरुणावर ताणून ठेवला, तार अंगठ्यापासून करंगळीपर्यंत धरली आणि तिथे दुमडली. हात अजून तेवढाच रुंद होता.

मग त्यांनी ते दोन तुकडे काढले. "यातला लाल कुठला?"

काका बराच वेळ तुकड्यांकडे बघत राहिले. मग काकूंकडे. गृहपाठ न केलेल्या मुलासारखं त्यांचं तोंड झालं. त्यांनी दोन्ही तुकडे एकत्र मुठीत धरले आणि हळूहळू मान हलवली, नाही म्हणून.

काकूंना आधी राग आला, आणि तो चांगलाच आला. चाळीस वर्षं! चाळीस वर्षं या माणसाबरोबर काढली आणि एवढं सांगवलं नाही? मग वाटलं, सांगणार तरी कधी? छापखान्यात सांगितलं असतं तर कापडाच्या कामावरून काढलं असतं. आणि आपल्याला सांगायचं, तर आपण ती गोष्ट येईल त्या पाहुण्याला ऐकवत होतो, थट्टा, थट्टा म्हणत. ज्या थट्टेवर बायको मिळाली ती थट्टा नव्हतीच, हे तो बिचारा कुठल्या तोंडाने सांगेल? पाहुणे हसायचे तेव्हा काका मान खाली घालून हसायचे, ते काकूंना आता दिसलं. त्यांना भडभडून आलं.

"तुमच्या गाठी मीच कापायला लावल्या हो," त्या म्हणाल्या. "मला कळलं नाही."

काकांनी मूठ सोडली आणि तो डावा हात त्यांच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्यूजताईने शिडी लावली. काकूंनी खालून दुमडलेली तार दिली. चौकटीपासून एक, दोन, तीन, चार, पाच. तिने टकटक केलं. भिंत भरीव वाजली. वर, खाली, सगळीकडे भरीव.

"काका दोन महिने आजारी आहेत, काकू," फ्यूजताई शक्य तितक्या मऊपणे म्हणाली. "आठवणीत थोडं इकडचं तिकडे होतं."

 काकू खाली जमिनीकडे बघत होत्या. दाराजवळ फरशीचा एक पट्टा बाकीच्या फरशीहून नवा होता. जुनी चौकट जिथे उभी होती, तिथे.

"त्यांचं काही इकडचं तिकडे झालेलं नाही," काकू म्हणाल्या. "चौकट झाली आहे. दार आपण रुंद केलं ना! इथून मोज, या पट्ट्याच्या कडेपासून."

फ्यूजताईने शिडी सरकवली. एक, दोन, तीन, चार, पाच. टकटक.

आवाज पोकळ आला.

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि हसता हसता काकूंना खालीच बसावं लागलं. पोपटी भिंतीला वीतभर भोक पडलं. आत पेटी होती आणि पेटीत लालला लाल, काळीला काळी, हिरवीला हिरवी अगदी शिस्तीत जोडलेली होती. फ्यूजताईने वीज बंद करून सगळं सोडवलं, एकेक तार तपासून पुन्हा जोडली, आणि प्रत्येक तारेला आकड्याची पट्टी लावली. मग थोडं थांबून जिवंत तारेला पाच गाठीही मारल्या.

"आता पेटी मोठी लावते, मावतील," ती म्हणाली. "बाकीच्या पेट्या पुढच्या आठवड्यात करू. हिरव्या तारेत वीज ठेवणं बरं नाही, काकांचा कितीही मान असला तरी."

यंत्र लावलं. स्विच पडला नाही. ते घुमत राहिलं, अर्धा तास, मग एक तास. काकूंनी फ्रिज उघडला, बेल वाजली नाही. जिन्यातला दिवा पुरता विझला. घर शांत झालं, आणि काकूंना क्षणभर त्या बडबडीची चुटपूटही लागली.

तिसऱ्या दिवशी अकराला दवाखान्याचा माणूस आला, त्याने घड्याळ लावून अर्धा तास बघितलं आणि कागदावर सही केली. भिंतीतल्या भोकाकडे बघून तो काहीतरी विचारणार होता, पण फ्यूजताईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने विचारलं नाही. लेकीला फोन गेला. ती म्हणाली, "बरं झालं गं आई."

संध्याकाळी काका घरी आले. चाकांची खुर्ची रुंद दारातून अलगद आत गेली. त्यांना पलंगावर टेकवून बसवलं, नळी लावली, यंत्र घुमायला लागलं. डाव्या हाताशी बेलचं बटण होतं. काका खोली बघत होते. छताजवळचं उघडं भोक, त्यातली पेटी आणि पेटीबाहेर डोकावणारी गाठींची तार त्यांना दिसली, आणि ते तिकडेच बघत राहिले.

काकू आपल्या खोलीत गेल्या. कपाटाच्या तळातून त्यांनी ती शाल काढली. विरली होती, कडेला कसर लागली होती, पण लाल अजून लालच होती. ती पांघरून त्या खिडकीतल्या तिरप्या उन्हात काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मी विचारणार आहे, आणि आता खरं सांगायचं," त्या म्हणाल्या. "कशी दिसते?"

काकांनी शाल बघितली, मग काकूंचं तोंड. त्यांचे ओठ हलले. नुसतीच हवा आली. काकू म्हणाल्या, "राहू दे, राहू दे," पण काकांनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. पुन्हा ओठ हलले. कपाळाची शीर तटतटली.

"हि," काका म्हणाले. "हि... र... वी."

दोन महिन्यांतला तो पहिला शब्द. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. काकांच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक सुरकुती पडली होती, आणि तोंडाची चांगली बाजू हळूहळू वर जात होती.

या वेळी मात्र ते थट्टा करत होते.